वाऱ्यांतलें वळण

(नभोवाणीवरील भाषण)

चंद्रपूरच्या रामाळा तलावाच्या कांठीं, ऊन तापूं लागण्याच्या सुमारास, घटकाभर उभें राहून वर पाहावें. एखादी घार पंख न हालवितां संथपणें गिरक्या घेत असते. ती एकाच जागीं फिरत आहे, असें प्रथम वाटतें. परंतु समोरच्या झाडाचा शेंडा किंवा एखाद्या देवळाचा कळस खुणेसाठीं धरून पाहिलें, म्हणजे निराळेंच कांहीं ध्यानांत येतें. प्रत्येक फेऱ्याबरोबर घारीचें वर्तुळ थोडें थोडें सरकत असतें, आणि तें सरकतें तें नेमकें वारा ज्या दिशेला वाहतो त्या दिशेला. पांच-दहा फेऱ्यांत ती तलाव ओलांडून कोठच्या कोठें गेलेली असते. तिला त्याचें कांहींच वाटत नाहीं. कारण त्या कळसाशीं तिचें कांहीं काम नसतें.

परंतु त्याच आकाशांत हेलिकॉप्टर घेऊन निघालेल्या मनुष्याचें काम जमिनीवरच्या एका ठराविक जागेशींच असतें. वाऱ्याबरोबर वाहत जाणें त्याला परवडत नाहीं. जमिनीवरच्या खुणेभोंवतीं सारख्या अंतरानें फेरी घालावयाची, तर वाऱ्याचा हिशेब कसा ठेवावा लागतो, आणि त्यासाठीं यंत्राला क्षणोक्षणीं किती कलवावें लागतें, हें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे. विषय यंत्राचा दिसला, तरी त्यांतलें मर्म कोणाही सायकलस्वाराला किंवा नावाड्याला समजण्यासारखें आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या मुलखाच्या निमित्तानें हा विषय घेण्याला कारण आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं जुन्या चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. त्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग जंगलानें व्यापलेला आहे. पश्चिमेच्या अंगानें वैनगंगा व तिच्यापुढें प्राणहिता, दक्षिणेस गोदावरी आणि पूर्वेकडे इंद्रावती, असा नद्यांचा वेढा त्याला पडलेला आहे. भामरागड येथें इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम होतो. जिल्ह्याच्या ठाण्यापासून हें गांव सडकेनें दीडशे किलोमीटरांहून दूर. पर्लकोटेला पूर आला, जुना पूल पाण्याखालीं गेला, आणि पलीकडचीं गांवें दिवसचे दिवस तुटून राहिलीं, असें तेथें वर्षानुवर्षें घडत आलें. जवळच्या हेमलकसा येथें १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हां रोग्याला खाटेवर घालून, ती खाट खांद्यावर घेऊन, रानांतून पायीं आणावें लागे. त्या मुलखांतली रुग्णवाहिका ती हीच.

अशा ठिकाणीं हेलिकॉप्टर ही चैनीची वस्तु राहत नाहीं. भारतीय वायुदलांत पहिलें हेलिकॉप्टर १९५४ सालीं आलें. आज पुरांत अडकलेल्यांना बाहेर काढणें, जखमी शिपायाला नागपूरच्या इस्पितळांत पोंचविणें, अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर नेणें, अशीं कामें त्याच्याकडे येतात. १९ एप्रिल २०२४ रोजीं गडचिरोली-चिमूर मतदारसंघांत लोकसभेचें मतदान झालें. त्या वेळींही दूरच्या मतदानकेंद्रांवर जाणाऱ्या पथकांना हेलिकॉप्टरांनींच नेलें होतें. मतदानाचीं यंत्रें मांडीवर घेऊन बसलेल्या शाळामास्तरांना आपण वळण घेतांना किती अंशांनीं कललों होतों, याची कल्पना नसेल. पण त्यांना नेणाऱ्याला ती असावीच लागते.

आतां हें वळण लागतें कशासाठीं? जंगलांत उतरण्याची जागा म्हणजे बहुधा शाळेचें पटांगण, पोलिस ठाण्याजवळचा सपाट तुकडा किंवा नदीकांठचें मोकळें रान. वैमानिक तेथें एकदम उतरत नाहीं. आधीं तो त्या जागेभोंवतीं एक फेरी घालतो. विजेची तार कोठून कोठें गेली आहे, सागाचीं झाडें किती उंच आहेत, जमीन चिखलाची आहे कीं टणक, गुरें वाटेंत आहेत काय, पोरें धांवत येत आहेत काय, आणि वारा कोणीकडून आहे, हें सर्व त्या फेरींत पाहावयाचें असतें. हेलिकॉप्टरांत मुख्य वैमानिक बहुधा उजव्या बाजूस बसतो. म्हणून तो उजवीकडे वळत राहतो, म्हणजे गांव त्याच्याच खिडकीखालीं राहतें. फेरी गांवाच्या फार जवळ आली, तर गांव पोटाखालीं दडतें. फार लांब गेली, तर झाडांआड जातें. म्हणून अंतर सारखें ठेवणें अवश्य आहे. सारें अवघडपण या सारख्या अंतरांत आहे.

प्रथम वाराच नाहीं असें समजूं. सायकलस्वार वळणावर आंतल्या अंगाला झुकतो, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. गोंदियाहून चांदा फोर्टला येणारी आगगाडी वळण घेते, तेथें बाहेरचा रूळ आंतल्यापेक्षां किंचित् उंच बसविलेला असतो; तोही याच कारणासाठीं. वळणाऱ्या वस्तूला आंतल्या बाजूस ओढणारें बल लागतें, आणि झुकल्यानें तें मिळतें. हेलिकॉप्टरच्या डोक्यावर फिरणारीं पातीं त्याला वर उचलून धरतात. यंत्र एका अंगाला कललें, म्हणजे त्या उचलीचा कांहीं भाग त्या अंगाला ओढूं लागतो, आणि त्यामुळें यंत्र वळतें. वेग जास्त, तर कल जास्त. वर्तुळ लहान, तरीही कल जास्त.

एक उदाहरण घेऊं. हेलिकॉप्टरचा वेग सेकंदाला ३० मीटर, म्हणजे ताशीं १०८ किलोमीटर आहे, आणि त्याला गांवाभोंवतीं २५० मीटर त्रिज्येची फेरी घालावयाची आहे. वारा नसेल, तर २० अंशांचा कल धरून ठेवला कीं काम झालें. ५२ सेकंदांत फेरी पुरी होईल आणि यंत्र जेथून निघालें तेथेंच परत येईल.

आतां पश्चिमेकडून वारा सुटला आहे असें समजूं. तोही कांहीं तुफान नव्हे, सेकंदाला ६ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें २२ किलोमीटर. पावसाळ्यांत असा वारा कोणत्याही दिवशीं असूं शकतो. वैमानिकानें पूर्वीप्रमाणेंच २० अंशांचा कल धरून ठेवला, तर काय होईल? येथें वैनगंगेच्या डोंग्याकडे वळलें पाहिजे. प्रवाहाच्या मध्यभागीं डोंगा सोडून नावाडी तो सारख्या हातानें गोल फिरवूं लागला, तर पाण्याच्या दृष्टीनें त्यानें चोख वर्तुळच काढलें. पाण्यावर टाकलेलें फूल त्या वर्तुळाच्या मध्याशींच राहील. परंतु नदींत रोंवलेल्या खुंटाच्या दृष्टीनें पाहिलें, तर डोंगा फूल आणि वर्तुळ या दोहोंसह खालीं वाहत गेला. हवेचेंही असेंच आहे. वारा म्हणजे वाहणारी हवा. आणि हेलिकॉप्टर त्या हवेंत तरंगत असतें. ५२ सेकंदांत ती हवा ३१४ मीटर पूर्वेला सरकली, तर वर्तुळही तितकेंच सरकलें. २५० मीटरांच्या फेरीला ३१४ मीटरांचा धक्का म्हणजे एका फेरींतच गांव वर्तुळाच्या बाहेर राहिलें! घारीचें जें झालें, तेंच हें.

म्हणून वैमानिकाला फूल सोडून खुंट धरावा लागतो. पूर्वेकडे जातांना वारा पाठीशीं असतो. त्याचा हवेंतला वेग ३० मीटर असला, तरी जमिनीवरून तो ३६ मीटरांनीं धांवत असतो. पश्चिमेकडे जातांना वारा समोरून येतो, आणि जमिनीवरचा वेग २४ मीटरांवर येतो. एकाचा दुसऱ्याशीं संबंध दीडपटीचा. परंतु वळणाला लागणारें आंतल्या अंगाचें बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणून समोरच्या वाऱ्यांत जितकें बल लागतें, त्याच्या सव्वादोनपट बल पाठवाऱ्यांत लागतें. कलाच्या भाषेंत सांगावयाचें, तर पाठवाऱ्याच्या जागीं सुमारें २८ अंश, समोरच्या वाऱ्याच्या जागीं सुमारें १३ अंश, आणि वारा बाजूनें असेल तेथें जवळजवळ पूर्वीचेच २० अंश. एका मिनिटाच्या आंत कल १३ वरून २८ वर आणि २८ वरून पुन्हां १३ वर, असा सारखा हलता ठेवला, तर जमिनीवर गोल फेरी उमटते. आगगाडीच्या रुळाची उंची एकदां बसविली म्हणजे बसविली. आकाशांतला रूळ असा नाहीं. तो वैमानिकाला चालतां चालतां बसवीत जावा लागतो.

नाकाची गोष्टही याला जोडूनच आहे. बाजूचा वारा यंत्राला ढकलतो. तो चुकविण्यासाठीं त्याचें नाक वाऱ्याकडे थोडें फिरवून, खेकड्यासारखें तिरपें चालावें लागतें. नदीपार जाणारा पोहणारा प्रवाहाच्या वरच्या अंगाला तोंड करून हात मारतो, तसेंच हें. आपल्या उदाहरणांत हा तिरपेपणा ११ अंशांहून किंचित् अधिक होतो. गांवाच्या पूर्वेला असतांना यंत्राचें नाक गांवाच्या बाजूला, आणि पश्चिमेला असतांना गांवापासून दूर असावें लागतें. याचा परिणाम मोठा मौजेचा आहे. पाठवाऱ्याची अर्धी फेरी म्हणजे जमिनीवर १८० अंशांचें वळण. पण तेवढ्यांत नाकाला सुमारें २०३ अंश फिरावें लागतें. उरलेल्या अर्ध्या फेरींत त्याला केवळ १५७ अंशच फिरावयाचें असतें. शिवाय पहिला अर्धा भाग वेगानें, म्हणून थोड्या वेळांत संपतो. थोडक्या वेळांत जास्त वळावयाचें, म्हणून कल जास्त. निवांत वेळांत कमी वळावयाचें, म्हणून कल कमी. गणिताचा कंटाळा असणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवलें तरी पुरे.

शिकाऊ वैमानिकाला हें वळण फार काळजीनें शिकवितात. मोकळ्या रानांतलें एकटें झाड किंवा दोन वाटांचा चौक निवडावयाचा, आणि त्याभोंवतीं फेऱ्या घालावयाच्या. त्याला सांगितलेलें असतें कीं, फेरींत शिरावयाचें तें पाठवाऱ्यानेंच. कारण सर्वांत मोठा कल पहिल्याच क्षणीं लागतो. तेवढा झेपला, तर पुढचें सारें त्याहून सौम्य असतें. उलट बाजूनें शिरणारा मनुष्य सौम्य कलानें आरंभ करतो, निश्चिंत होतो, आणि मग अर्ध्या फेरींत कल वाढतां वाढतां त्याच्या हातीं राहत नाहीं.

अशा वेळीं जें संकट ओढवूं शकतें, तें वाऱ्याच्या बळापेक्षां डोळ्यांच्या फसगतीनें अधिक ओढवतें. उंच आकाशांत जमीन दूर असते. तेथें वाऱ्याची ओळख डोळ्यांना होत नाहीं. परंतु झाडांच्या शेंड्यांवरून थोड्याच उंचीनें जातांना जमीन पळत असलेली दिसते. समोरच्या वाऱ्यांतून पाठवाऱ्यांत वळलेल्या वैमानिकाला खालचें रान ताशीं ८६ किलोमीटरांऐवजीं ताशीं १३० किलोमीटरांनीं मागें पळतांना दिसतें. मन म्हणतें, ‘फार वेग झाला, आवरलें पाहिजे.’ वास्तविक हवेंतला वेग तेवढाच आहे, आणि यंत्राला उचलून धरणारा वेग तोच. डोळ्यांवर विश्वास टाकून त्यानें यंत्र आवरलें, तर जमिनीवरचा वेग ठीक दिसूं लागतो, पण हवेंतला वेग पार खालीं येतो. हेलिकॉप्टरचा एक धर्म असा आहे कीं, मध्यम वेगानें पुढें जातांना त्याला कमींत कमी शक्ति लागते. वेग अगदीं मंदावला, कीं अधांतरीं राहण्यासाठीं ती पुष्कळच जास्त लागते. नेमक्या त्याच वेळीं कलही सर्वांत मोठा असतो. वर धरणारी उचल कलामुळें वांटली जाते; २८ अंशांचा कल असतांना यंत्राला आपल्या वजनाच्या सुमारें १३ टक्के जास्त उचल निर्माण करावी लागते. दोन्ही बाजूंनीं मागणी वाढते, आणि खालीं साग आणि बांबू उभे असतात.

त्यांत चंद्रपूरचा उन्हाळा! पारा ४६ अंशांवर गेलेल्या दुपारीं तेथली हवा १५ अंशांच्या हवेपेक्षां सुमारें एक दशांशानें विरळ झालेली असते. पातीं तींच, फिरण्याची गति तीच. पण त्यांना चावायला हवाच कमी मिळते, आणि इंजिनाचाही दम कमी पडतो. हिवाळ्याच्या सकाळीं जें वळण हंसत हंसत घेतां येतें, तेंच वैशाखांतल्या दुपारीं, चार माणसें अधिक घेतल्यावर, यंत्राच्या शक्तीच्या अगदीं कडेला येऊन पोंचतें. शहाणा वैमानिक अशा वेळीं वर्तुळ मोठें करतो. त्रिज्या दुप्पट केली, तर आंतल्या ओढीची गरज निम्म्यावर येते. २८ अंशांचे १५ होतात. गांव थोडें लांबून दिसतें खरें. पण शक्ति हाताशीं राहते.

आतां प्रश्न राहिला तो वारा ओळखण्याचा. विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखविणारी कापडी पिशवी खांबावर फडकत असते. एटापल्लीच्या रानांत ती कोण लावणार? म्हणून जमिनीनेंच दिलेल्या खुणा वाचाव्या लागतात. चंद्रपूरजवळ ही अडचण नाहीं. औष्णिक वीजकेंद्राच्या उंच धुराड्यांचा धूर दुरून दिसतो, आणि तो कोणीकडे व किती आडवा पडला आहे, यावरून दिशा आणि जोर दोन्ही कळतात. पुढें रानांत शिरल्यावर तळीं मदतीला येतात. ज्या कांठाकडून वारा येतो, त्या कांठालगत पाणी आडोशामुळें गुळगुळीत असतें, आणि समोरच्या कांठाकडे लाटांच्या सुरकुत्या पडलेल्या असतात. बांबूचीं बेटें एका अंगाला झुकलेलीं असतात. झाडांचीं पानें उलटीं होऊन फिकट बाजू वर आली, कीं वारा त्या अंगाहून आहे असें समजावें. मोहाच्या दिवसांत पालापाचोळा पेटविलेला असतो. त्याच्या धुराची रेघही वैमानिकाला उपयोगी पडते.

पण या खुणा वाचतांनाही सावध असावें लागतें. खोऱ्यांत पान हलत नसतांना दोनशे मीटर वर चांगला वारा असूं शकतो. कारण झाडें आणि टेंकड्या खालचा वारा अडवून धरतात. सुरजागडासारख्या टेंकड्यांच्या एका अंगानें हवा वर चढते आणि दुसऱ्या अंगानें खालीं कोसळते. उन्हाळ्याच्या दुपारीं वावटळी उठतात. डोंग्याचें उदाहरण संथ प्रवाहापुरतें खरें आहे. भोंवऱ्यांनीं भरलेल्या नदींत नावाडीही निराळाच हिशेब करतो. म्हणून शेवटची खूण म्हणजे आपलें स्वतःचें वर्तुळ. पहिल्या फेरींत गांव जवळ येऊं लागलें, कीं वारा त्या बाजूला ढकलतो आहे. लांब जाऊं लागलें, कीं उलट. चुकलेली फेरी ही अशा रीतीनें पुढच्या फेरीची शिक्षिका होते. मात्र चुकलेलें अंतर एकदम भरून काढण्यासाठीं ऐन वेळीं कल दुप्पट करण्याचा मोह आवरावा लागतो. गांव निसटलें, तर निसटूं द्यावें. मोठा वळसा घेऊन पुन्हां यावें. एक मिनिट वांचविण्यासाठीं केलेल्या घाईची किंमत फार मोठी पडूं शकते.

भामरागडच्या कांठीं पूर चढलेला आहे, पटांगणावर एक खाट आणून ठेवली आहे, तिच्यावर पांघरूण आहे आणि भोंवतीं चार माणसें आभाळाकडे पाहत उभीं आहेत, असें चित्र डोळ्यांपुढें आणावें. त्यांना हेलिकॉप्टरचा आवाज येतो, तें दिसतें, पण उतरत नाहीं. तें एक फेरी घेतें, दुसरी घेतें. खालच्या माणसांना वाटतें, हा उगाच वेळ कां घालवितो? त्या फेरींत तो वारा मोजीत असतो, तार शोधीत असतो. नदीच्या अंगाला जातांना जास्त कलतो, रानाच्या अंगाला परततांना कमी कलतो. खाटेवरच्या रोग्याला न्यावयाचें, तर आधीं स्वतः सुखरूप उतरलें पाहिजे आणि भरल्या वजनानें पुन्हां वरही उठलें पाहिजे, हें तो जाणून असतो. मग वाऱ्याकडे तोंड करून तें सावकाश खालीं येतें.

श्रोतेहो, उद्यां आपल्या गच्चीवरून एखादी घार दिसली, तर एखादा कळस खुणेला धरून तिच्या फेऱ्या जरूर पाहा. तिचें वर्तुळ वाऱ्यानें किती सरकतें, तें मनाशीं मोजा. तेवढें सरकूं न देण्यासाठीं वैमानिकाच्या हातांना मिनिटा-मिनिटाला काय करावें लागत असेल, याची कल्पना त्यावरून आपल्याला येईल.